चावडीवरची चौकशी

मी मोटारी बांधतो. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात, मी त्यांची जळकी तार उपसून काढतो आणि नवी भरतो. नांदेडात 'श्री मन्मथ मोटार रिवाइंडिंग' विचारलं तर कुणीही दुकान दाखवील. वीस वर्षांत एकही गिऱ्हाईक मला असं भेटलं नाही, जे म्हणालं की चूक माझी झाली, मीच कोरडी चालवली. सगळ्यांचं एकच असतं, "कायच केलं न्हाई बघा, चालता चालता आपोआप बंद पडली." मी मान हलवतो. मोटार फिरण्यासारखी असली तर फिरवतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. बेअरिंग खरखरत असलं की कानात लख्ख येतं. माणूस खोटं बोलतो, मोटारीला ते जमत नाही.

तेव्हा मला कुणी संशयी म्हणालं तर मी सांगतो, बाबा, माझं पोट त्याच्यावर चालतं.

माझ्या मागं दोन बहिणी. वडील लवकर गेले. आई गेली तेव्हा शिवकांता कॉलेजात होती आणि अक्षरा आठवीत. दोघींचं सगळं मीच केलं, त्यांची लग्नं झाल्याशिवाय स्वतःच्या लग्नाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. शिवकांतेचं लग्न नऊ वर्षांपूर्वी मीच जमवलं, निलंग्याकडं. रीतसर चौकशी केली होती. आमच्यात चौकशी झाल्याशिवाय सुपारी फुटत नाही. मुलाच्या गावात चार माणसं गाठायची, मुलगा कसा, घर कसं, पिण्याबिण्याचं काय, विचारून घ्यायचं. मी चौघांना विचारलं, चौघांनी मुलगा लाखात एक ठरवला. लग्नानंतर कळलं की चौघंही त्याच्या नात्यातले होते आणि मुलगा सकाळपासूनच पिऊन असायचा. दोन वर्षांत शिवकांता परत आली ती आलीच. आता ती घरी शिवणकाम करते आणि फारसं बोलत नाही. लग्नाआधी मी तिलासुद्धा विचारलं होतं. ती "हाव आण्णा" म्हणून हो म्हणाली होती. म्हणजे माझ्याकडून काही राहून गेलं होतं असं नाही.

त्यामुळे रेणापूरच्या मावशीनं अक्षरासाठी लातूरचं स्थळ आणलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की या वेळी चार माणसांना विचारायचं नाही, आपल्या कानानं ऐकायचं. अक्षरा सव्वीसची आहे, एका मेडिकलवर फार्मासिस्ट. मुलाचं नाव रविकिरण, ठिबक सिंचनाच्या कंपनीत इंजिनिअर, घरी आईवडील, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत स्वतःचं घर. बायोडाटा इतका गुळगुळीत होता की माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. छंदापुढं 'वाचन' लिहिलं होतं. एकोणतीस वर्षांचा इंजिनिअर पोरगा कामावरून येऊन वाचन करतो, हे मला काही केल्या पटेना.

माझ्या दुकानाला लागून सादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला मुलाचा फोटो दाखवला तर तो खुर्चीतून उठलाच. "अरे उमाभाई, हे तर रवीभाई! आमच्या ग्रुपात खेळतात. रोज संध्याकाळी, सात ते साडेआठ."

म्हणजे वाचन ते हे. चौघांची टोळी करून फोनवरच्या एका बेटावर उतरायचं, बंदुका गोळा करायच्या आणि दुसऱ्या टोळ्यांना हुडकून मारायचं, असा तो खेळ. खेळताना चौघं कानात हेडफोन घालून सतत बोलत असतात. साद होता, रविकिरण होता, जळकोटचा बसवंत नावाचा एक जण होता. चौथा गडी नोकरीला लागला म्हणून त्याची जागा रिकामी होती.

"मला घे," मी म्हणालो.

साद हसायला लागला. "तुमचा रिचार्जसुद्धा मी करून देतो उमाभाई, तुम्ही काय खेळणार?"

"मला खेळायचं न्हाई. ऐकायचं हाय."

त्याचं हसू गेलं. "हे बरं न्हाई. काय विचारायचं ते सरळ विचारा ना त्याला. माणूस चांगला हाय."

"सरळ विचारल्यावर कोण खरं सांगतं रे? पाण्यात पडलेला फोन घेऊन येणारा तुला सांगतो का, पाण्यात पडला म्हणून?"

सादनं नाराजीनंच मला ग्रुपात घेतलं आणि 'दुकानाशेजारचे अप्पा' एवढीच ओळख सांगितली. मी रोज संध्याकाळी सात वाजता घरी टेबलाशी बसू लागलो. खेळात मी दोन मिनिटांत मरत असे. मला ते सोयीचं होतं. मेलेल्या माणसाला डाव संपेपर्यंत काही काम नसतं, कान मोकळे राहतात.

पण ऐकू काहीच येईना. बोलण्यासाठी त्यांनी एक ॲप घेतलं होतं. त्याचं मूळ नाव काहीतरी लांबलचक होतं, पण चित्र हिरव्या पोपटाचं, म्हणून सगळे त्याला पोपटच म्हणत. हा पोपट आवाज गाळतो. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या खोलीतलं बोलणं, सगळं काढून टाकतो आणि फक्त तोंडाजवळचा शब्द पुढं पाठवतो. खेळणाऱ्याची सोय होते, चौकशी करणाऱ्यानं काय करायचं? रविकिरणचा आवाज रिकाम्या गोदामातून आल्यासारखा यायचा. त्याच्या मागं घर आहे, माणसं आहेत, याचा पत्ताच नाही. इतका स्वच्छ आवाज मला आवडला नाही.

मग मी वही काढली. सादकडून बोलायची तिन्ही साधनं फोनवर घालून घेतली आणि दोन दिवस तपासली. साद त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, मी माझ्या दुकानात, आणि मधे पाच एचपीची मोटार चालू. खेळाचा आपला माइक होता, तो डाव चालू असेपर्यंतच चालायचा आणि आवाज डब्यात बोलल्यासारखा. पोपटात मोटार पूर्ण गायब झाली. सादला माझं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, पण शब्द किंचित उशिरा पोचला, कारण गाळायला वेळ लागतो. तिसरं ॲप चावडी. ते काहीच गाळत नाही. एकदा आत जाऊन बसलं की डाव असो नसो, माइक उघडाच. बटण दाबून बंद करावा लागतो. चावडीतून सादला मोटार ऐकू आली, माझं बोलणं ऐकू आलं, बाहेरून गेलेली टमटम ऐकू आली, आणि माझ्याकडच्या गिऱ्हाइकानं हळूच बायकोला फोनवर "आलो की" म्हटलेलंसुद्धा ऐकू आलं. मी वहीत चावडीभोवती गोल केला.

रविवारी दुपारी मी टोळीपुढं सगळं मांडलं. खरं तेच सांगितलं, फक्त कारण सांगितलं नाही. म्हणालो, पोपटात "मागं बघ" म्हटलेलं पोचेस्तोवर माणूस मरतो, मी तर रोज त्यानंच मरतो. चावडीत शब्द निघाला की पोचतो आणि नेटसुद्धा कमी खातं.

बसवंतला एवढं पुरलं. "माझ्याकडं एकच कांडी रेंज असती अप्पा. नेट कमी खातंय तर घ्या चावडी."

रविकिरण म्हणाला, "पण चावडीत घरातले सगळे आवाज येतात अप्पा. तुम्हाला चालंल?"

"माझ्या घरी काय," मी म्हणालो, "देवाच्या दयेनं शांतता हाय."

त्या दिवसापासून रविकिरणच्या मागं घर उभं राहिलं. कुकर वाजला, बातम्या लागल्या, त्याच्या आईनं विचारलं, "रवी, भाकरी टाकू का?" इथवर ठीक होतं. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रोज पावणेआठच्या सुमाराला तो म्हणायचा, "थांबा हां, दहा मिनिटं." मग कपाट उघडायचं. स्टीलचं काहीतरी फरशीवर टेकायचं. खुर्ची ओढली जायची. पाणी ओतल्याचा बारीक आवाज यायचा, आणि तेवढ्यात माइक बंद. दहा मिनिटांनी परत यायचा तेव्हा आवाज खाली आलेला, बोलणं संथ.

कपाट, स्टील, खुर्ची, ओतणं, आणि मग खाली आलेला आवाज. शिवकांतेच्या सासरी मी दोन दिवस राहिलो होतो तेव्हा भिंतीपलीकडून हेच ऐकलं होतं, याच क्रमानं. तेव्हा मला अर्थ लागला नव्हता. आता मी कच्चा नव्हतो. वहीत तारीख आणि वेळ लिहायला लागलो. अकरा दिवस, एकाही दिवशी खाडा नाही. रोजचा ठरलेला कोटा असल्याशिवाय माणूस इतका नेमानं उठत नाही.

माझं मात्र डोकं फिरत चाललं होतं. एका बाजूला डाव, एका बाजूला वही, आणि त्यात घरातल्यांची मधेमधे लुडबुड. एकदा अक्षरा जवळ येऊन उभी राहिली. "आण्णा, मावशीचा फोन आलता. लातूरच्यांना काय कळवायचं इचारत होत्या. मला वाटतं आपण..."

"तू मधी बोलू नको अक्षरा. तुला काय कळतं त्याच्यातलं? मी हाय न बघायला?"

"हाव आण्णा," म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी शिवकांतेनं चहा आणला तो बिनसाखरेचा. "शिवकांता, इतकी वर्षं झाली, तुला चहा जमना का गं?" मी म्हणालो. ती "हाव आण्णा, टाकते साखर," म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली. मी बोलतो जरा मोठ्यानं, दिवसभर मोटारींच्या आवाजात राहून सवय झाली आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, दोघींना माहीत आहे. माझा माइक मी कधी बंद केला नाही. बंद केला की लोकांना संशय येतो, हे मला रविकिरणवरूनच कळलं होतं.

बाराव्या दिवशी मी लातूरला निघालो. घरी सांगितलं, तांब्याची तार आणायला चाललोय. दुपारची एसटी धरली आणि संध्याकाळी गंजगोलाईला उतरून मागच्या गल्लीत घर शोधून काढलं. दारावर मडिवाळप्पा, म्हणजे त्याच्या वडिलांच्या नावाची पाटी होती. रस्त्याकडं एक खिडकी होती, पडदा बाजूला बांधलेला. समोर भेळेची गाडी उभी होती. मी गाडीच्या आडोशाला उभा राहिलो, भेळ सांगितली, कानात हेडफोन घातला आणि चावडीत शिरलो.

"अप्पा, आज लवकर आलात," रविकिरणचा आवाज कानात आला आणि तोच आवाज खिडकीतूनही अंधुक आला. मी हुं केलं. डाव सुरू झाला. मी नेहमीप्रमाणं मेलो. भेळेची चव कळत नव्हती. आता डोळ्यांनी बघायचं, आणि उद्या मावशीच्या तोंडावर वही टाकायची.

पावणेआठ वाजले. "थांबा हां, दहा मिनिटं." खिडकीत तो उठलेला दिसला. कानात कपाट उघडलं आणि तिकडं त्याचा हात कपाटात गेला. त्यानं स्टीलचा तांब्या काढून खाली ठेवला. खुर्ची ओढली. खुर्चीवर एक म्हातारा माणूस बसलेला होता, तो खुर्चीसकट पुढं आला. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डावा तळहात त्यानं छातीसमोर धरला होता आणि त्या तळहातावर इष्टलिंग होतं. रविकिरणनं तांब्यातून एक धार सोडली, माझ्या कानात ती बारीक आवाज करत पडली, आणि मग त्यानं दुसऱ्या हातानं फोनवरचं बटण दाबलं. कान बंद झाला. पुढचं मी नुसतं बघत राहिलो. वडिलांच्या तळहातावरच्या लिंगावर तो पाणी घालत होता, भस्म लावत होता, फूल ठेवत होता. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते.

मी लिंगायताच्या घरात जन्मलो. पूजेचं पाणी कसं वाजतं हे मला झोपेतसुद्धा कळायला हवं होतं. आई असेपर्यंत आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ तोच आवाज होता. माझं स्वतःचं इष्टलिंग आईनं शिवलेल्या पिशवीत, कपाटाच्या आत खिळ्याला अडकवलेलं आहे, शेवटचं कधी काढलं ते आठवत नाही. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी राग आला. अकरा दिवसांच्या नोंदी फुकट गेल्या होत्या.

मी तसाच उभा राहिलो. दहा मिनिटांनी रविकिरणनं हेडफोन चढवला. त्याच वेळी भेळवाल्यानं गाडीवरची घंटी वाजवली, दोनदा, जोरात. खिडकीतल्या रविकिरणनं मान वर केली. एक घंटी त्याला रस्त्यावरून ऐकू आली होती आणि तीच घंटी माझ्या उघड्या माइकमधून त्याच्या कानात. तो उठून खिडकीशी आला, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आत या उमाशंकर अण्णा," तो म्हणाला. "भेळ घेऊन या, चालतंय."

माझं नाव त्याला कसं माहीत, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. आत गेलो. मडिवाळप्पांनी डाव्या हातानंच नमस्कार करत "शरणार्थ" म्हटलं. आईनं चहा ठेवला. कुणी मला काही विचारलं नाही, याचंच जास्त दडपण आलं. शेवटी मीच म्हणालो, "मी चौकशीला आलतो."

"बराबर हाय," रविकिरण म्हणाला. "चौकशी करायलाच पायजे. मी पण तेच करून राहिलो होतो."

"कुणाची?"

"तुमची. चावडी दोन्ही बाजूंनी उघडी असती की अण्णा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही अक्षरा म्हणून हाक मारली. मग शिवकांता. मग एका गिऱ्हाइकाला फोनवर मन्मथ रिवाइंडिंगचा पत्ता सांगितला. हे सगळं बायोडाटात हाय. मी तवाच म्हणलं होतं, घरातले आवाज येतात, तुम्हाला चालंल का."

माझे कान तापले. वीस वर्षं दुसऱ्याच्या मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावला, आपल्याला कुणी लावील असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. "मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माइक बंद केला असता."

"बरं," मी जरा घुश्शातच म्हणालो. "काय ऐकलं मग?"

"तुमचा आवाज."

"आन काय?"

"आन कायच न्हाई," तो म्हणाला. चेष्टा करत नव्हता, त्याचा चेहरा उतरला होता. "इतक्या दिवसांत त्या दोघींचं मला 'हाव आण्णा' एवढंच पुरतं ऐकू आलं, बाकीचं तुम्ही मधीच तोडलं. त्यातली अक्षरा कोणती आन शिवकांता कोणती, ते पण ओळखू येईना. फोटो बघून मला वाटलं होतं, इथं जमावं. अजून पण वाटतं. पण त्या घरातून उद्या हो म्हणून निरोप आला, तर तो कुणाचा समजायचा मी?"

माझा पारा चढला. कुठला कोण पोरगा, माझ्या घराबद्दल मला सांगतो! "माझं वय छत्तीस हाय," मी म्हणालो. "या दोघींसाठी मी लग्न केलं न्हाई. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो न्हाई. थांब, आत्ता तुझ्यासमोर विचारतो." फोन लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. अक्षरानं उचलला.

"अक्षरा, लातूरच्या स्थळाची सगळी चौकशी झाली. मुलगा चांगला हाय. तुला पसंत हाय ना?"

"हाव आण्णा."

मी रविकिरणकडं बघितलं, आता बोल म्हणून. तो कपातल्या चहाकडं बघत होता. आणि मग तो शब्द माझ्याच कानात परत वाजला. साखर टाकते म्हणतानाचा हाव तो हाच होता. मधे बोलू नको म्हटल्यावरचाही हाच. तेवढाच लांब, तेवढाच खाली. मला एक साक्षीदार हवा होता.

"शिवकांतेला दे," मी म्हणालो. शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला. "शिवकांता, तुझ्या लग्नाच्या वेळी मी तुला विचारलं होतं का न्हाई? खरं सांग."

ती म्हणाली, "इचारलं होतं."

"मग?"

"आण्णा, त्यो बघायला आलता तवाच त्याच्या तोंडाला वास येत होता. मी पोह्याची बशी द्यायला वाकले तवा आला. सकाळचे अकरा वाजले होते."

मी फोनवर वाकलो. "मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी इचारलं, मुलगा चांगला हाय, तुला पसंत हाय ना," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आत्ता अक्षराला इचारलं तसंच."

मी स्पीकर बंद करायला हात पुढं केला, पण तिनं आधीच फोन ठेवला होता. चार माणसांना विचारायला मी निलंग्यापर्यंत गेलो होतो. त्याच्या तोंडाचा वास माझ्या घरातल्या माणसाला पोह्याच्या बशीपाशीच आला होता. परत आल्यापासून सात वर्षं ती ते मनात घेऊन माझ्यासमोर चहा ठेवत होती. मडिवाळप्पांच्या घरात, परक्या माणसांसमोर, मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. रविकिरणच्या आईनं चहाचा कप बाजूला केला आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

निघताना मी रविकिरणला म्हणालो, "रविवारी दुपारी चावडीत येशील? अक्षरा बोलंल. मी घरात नसंन."

तो म्हणाला, "येतो."

रविवारी जेवणं झाल्यावर मी अक्षराच्या हातात हेडफोन दिला, चावडी उघडून दिली. "तुला काय विचारायचं ते विचार," मी म्हणालो. "मी दुकानात हाय." तिनं "हाव आण्णा" म्हटलं आणि आम्ही दोघंही जरा दचकलो. शिवकांता यंत्रापाशी बसली होती, तिनं वर बघितलं नाही.

दुकान रविवारी बंद असतं. मी नुसतं शटर वर करून बसलो. शेजारी साद होता, त्याचा फोन काउंटरवर पडला होता. ग्रुपची चावडी त्याच्याही फोनवर होती आणि पडद्यावर दिसत होतं, आत दोन जण बसले आहेत. एक बोट टेकवलं असतं की झालं असतं. माझा हात शिवशिवत होता हे कबूल करतो. सादनं माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता फोन पालथा ठेवला.

पाऊण तासानं घरी गेलो. अक्षरा दारातच उभी होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

"आण्णा," ती म्हणाली, "मला हे लग्न न्हाई करायचं."

आत यंत्र थांबलं. कामून हा शब्द माझ्या ओठावर येऊन बसला. मुलगा निर्व्यसनी, घर चांगलं, बापाची पूजा करणारा पोरगा, मी डोळ्यांनी बघून आलोय, आता तुला काय पाहिजे आणखी? सगळं तोंडात आलं. तिचा आवाज थरथरत होता, पण शब्द पुरता होता, मधे कुठं खरखर नव्हती. या घरात तिच्या मनातलं वाक्य मी पहिल्यांदा पुरं ऐकत होतो, आणि त्यात मला संशय घ्यायला जागा दिसेना. मी सगळं गिळलं.

"बरं," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली, जणू आणखी काहीतरी यायचं होतं. मी काही बोललो नाही तेव्हा आत गेली. मग मी ओट्यावर येऊन लातूरला फोन लावला. मावशीला मधे घालायचं नव्हतं, हे आपणच सांगायला हवं होतं.

"रविकिरण," मी म्हणालो, "अक्षरा न्हाई म्हणती."

"हाव अण्णा, मला मघाशीच सांगितलं त्यांनी," तो म्हणाला. आवाज उतरला होता, पण सरळ होता. "लई वेळ बोलल्या. तुम्हाला सांगता येईल का न्हाई, याचीच धास्ती होती त्यांना. सांगितलं का?"

"सांगितलं," मी म्हणालो. "तिनंच सांगितलं."